हातात मावणारा ऑसिलोस्कोप: मल्टीमीटर आणि सिग्नल जनरेटरही त्यातच. घ्यावा का?

तारेवरची_कसरत
नमस्कार मंडळी. मल्टीमीटर वर्षानुवर्षं वापरतोय, व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, म्हणजे स्कोप, मात्र कायम दुसऱ्याच्या टेबलावरचा. आता स्वतःचा घ्यायचाय. काम फिरतीचं आहे: यूपीएस, बॅटरी चार्जर, मशीनवरचे सेन्सर, अधूनमधून गाडीचं वायरिंग. सुट्टीच्या दिवशी छंद म्हणून मायक्रोकंट्रोलर आणि जुने ट्रान्झिस्टर रेडिओ. त्यामुळे टेबलावर ठाण मांडून बसणारं यंत्र नको, पिशवीत टाकून नेता येईल असं हवं.

तीन कामं एकात करणारी बरीच यंत्रं दिसतात. यादीत सध्या हँटेक २डी७२, ओवन एचडीएस२७२एस, फनिर्सी २सी२३टी आणि २सी५३टी आहेत. कागदावर सगळेच पैलवान. बँडविड्थ १० मेगाहर्ट्झपासून ७० पर्यंत. माझ्या कामाला किती पुरेल? हवी ती लहर तयार करून देणारा जनरेटर खरंच वापरात येतो की डब्यावर छापायला असतो? आणि असं यंत्र घेतलं की जुना मल्टीमीटर घरी ठेवता येईल का?

किमतीवर चर्चा नको, त्या रोज बदलतात. वापरलेल्यांनी लिहा.

शून्यव्होल्ट
एक ना धड, भाराभर चिंध्या. मल्टीमीटर वेगळा घ्या, स्कोप वेगळा घ्या. विषय संपला.

ओहमशांती
"विषय संपला" हा प्रतिसाद आला की धागा शंभरी गाठतो. मी इथेच बसतो.

बोर्डबहाद्दर
धागाकर्ते, आधी बँडविड्थचं भूत उतरवू. ७० मेगाहर्ट्झ म्हणजे ७० पर्यंत सगळं खरं दिसतं असं नाही. ज्या वारंवारतेला लहरीची उंची खऱ्याच्या ७०.७ टक्क्यांवर येते, तिला बँडविड्थ म्हणतात. म्हणजे काठावर आधीच तीस टक्के चूक. त्यात चौकोनी लहर असेल तर तिचे कोपरे मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट हार्मोनिक्सनी बनतात. १० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर १० मेगाहर्ट्झचं क्लॉक पाहिलं तर छान गोलगरगरीत साईन दिसेल, आणि माणूस उगाच बोर्डावर संशय घेईल.

सोपा हिशेब असा: ०.३५ भागिले बँडविड्थ म्हणजे स्कोपचा स्वतःचा राइज टाइम. १० मेगाहर्ट्झला ३५ नॅनोसेकंद, ७० ला ५. त्याहून वेगाने चढणारी कडा तो दाखवूच शकत नाही.

आता खरी गंमत. हँटेक आणि ओवन दोन्हींचं सॅम्पलिंग सेकंदाला २५० मेगासॅम्पल (२५ कोटी नमुने), पण ते एकच चॅनल चालू असताना. दुसरा चालू केलात की प्रत्येकी १२५. सॅम्पलिंगच्या निम्म्यापर्यंतच लहर ओळखता येते, म्हणजे ६२.५ मेगाहर्ट्झ. डब्यावर ७० आणि दोन्ही चॅनलवर गणिताने ६२.५ सुद्धा धड नाही! व्यवहारात सॅम्पलिंग बँडविड्थच्या चार-पाचपट तरी असावं.

ओहमशांती
थोडक्यात, दोघांना जेवायला बोलावलं की ताट एकच.

बोर्डबहाद्दर
@ओहमशांती, आणि ताटाचा आकार जाहिरातीत एकट्याच्या हिशेबाने छापलेला.

गॅरेजवाला
गाडीपुरतं बोलतो. १० मेगाहर्ट्झ भरपूर. कॅन बसचा (गाडीतले कंट्रोल युनिट एकमेकांशी बोलतात त्या दोन तारांचा) वेग बहुतेक ठिकाणी ५०० किलोबिट, म्हणजे एक बिट २ मायक्रोसेकंदांचा. शांत असताना दोन्ही तारा २.५ व्होल्टच्या आसपास. बोलायला लागल्या की एक ३.५ ला चढते, दुसरी १.५ ला उतरते. दोन चॅनल लावून दोन्ही एकमेकींचा आरसा दिसल्या की तारांचं दुखणं नाही, पुढे बघायचं. एक सपाट असेल तर तार तुटलेली किंवा चिकटलेली. हे मल्टीमीटरवर नीट कळत नाही, तो नुसता सरासरी आकडा दाखवतो आणि आपण खूश.

क्रँक सेन्सर, इंजेक्टर, अल्टरनेटरचा रिपल (डीसीवर उरलेली बारीक लहर), सगळं काही किलोहर्ट्झच्या आतलं. इग्निशन कॉइलच्या प्रायमरीवर मात्र जपून. तिथे उसळी तीन-चारशे व्होल्टची येते. प्रोब एक्स-१ वर (सिग्नल जसाच्या तसा आत सोडणारा; एक्स-१० तो दहापट कमी करतो) ठेवून तिथे लावू नका.

बोनेटखाली वाकून काम करताना मोठा स्कोप कुठे ठेवणार? रेडिएटरवर? हातातलाच बरा.

शून्यव्होल्ट
गॅरेजवाले, बिट दिसतो मान्य. पण गाडीतला दोष कधी दहा सेकंदांतून एकदा येतो. तो पकडायला मेमरी लागते आणि ती या यंत्रांत नावालाच असते. ओवनची ८ हजार बिंदू, हँटेकची ६ हजार.

पडद्यावर १२ रकाने धरा आणि एका रकान्याला १० मिलिसेकंद. एकूण १२० मिलिसेकंद. ८ हजार बिंदू त्यात वाटले तर दर १५ मायक्रोसेकंदांना एक नमुना. तुमचा कॅनचा बिट २ मायक्रोसेकंदांचा! सात-आठ बिट दोन नमुन्यांच्या मधून निसटून जाणार आणि पडद्यावर भलतंच काहीतरी. कुणी त्यालाच सिग्नल समजून बसेल. डब्यावरचे २५० मेगासॅम्पल फक्त अगदी बारीक टाइमबेसवर (एका रकान्याला किती वेळ, त्या सेटिंगवर) असतात, हे कुणी सांगत नाही. टेबलावरच्या साध्या रिगॉल डीएस१०५४झेडमध्येही १.२ कोटी बिंदू आहेत. तुलना करा.

गॅरेजवाला
बरोबर आहे, आणि म्हणूनच मी लांबचा टाइमबेस फक्त संथ सेन्सरला वापरतो. बस बघायची तर बारीक टाइमबेस, नॉर्मल ट्रिगर (ठरवलेली कडा आली तरच लहर पकडणारा), आणि एक फ्रेम गोठवायची. मेमरी कमी असली की ट्रिगर शिकावाच लागतो. ऑटो बटण दाबून बसणाऱ्यांचे हाल होतात.

ठिणगी
एवढा वेळ मेगाहर्ट्झ चाललंय, यूपीएसचा मुद्दा कुणीच घेतला नाही? धागाकर्ते, तुमच्या यादीतल्या यंत्रांच्या स्कोपच्या बाजूला सुरक्षेचा दर्जा काय लिहिलाय ते बघा. मल्टीमीटरच्या सॉकेटजवळ कॅट २, कॅट ३ असं काही असेल. बीएनसीच्या (स्कोपचा प्रोब लावायच्या गोल सॉकेटच्या) बाजूला बहुधा फक्त कमाल व्होल्टेज. हे दोन वेगळे आकडे आहेत.

कॅट २ म्हणजे सॉकेटला लावलेली उपकरणं, कॅट ३ म्हणजे इमारतीची पक्की वायरिंग आणि वितरण पॅनल, कॅट ४ म्हणजे पुरवठा जिथून आत येतो ती जागा. जसजसे वरच्या बाजूला जाल तसतशी लाइनवर येणारी क्षणिक उसळी जास्त ताकदीची. ६०० व्होल्ट लिहिलेलं पण कॅट २ चं यंत्र आणि ६०० व्होल्ट कॅट ३ चं यंत्र एकच नव्हेत.

तारेवरची_कसरत
ठिणगीताई, एक शंका. हे बॅटरीवर चालतात, अर्थिंगशी संबंधच नाही. मग ग्राउंड क्लिप कुठेही लावली तरी चालायला हवी ना? टेबलावरच्या स्कोपला ती लावली की शॉर्ट होतो, इथे तो प्रश्न नाही. उलट हा फायदाच झाला.

ठिणगी
अर्धा फायदा, आणि उरलेला अर्धा जीवघेणा. शॉर्ट होणार नाही हे खरं. पण क्लिप फेजला लागली की यंत्राचं अख्खं ग्राउंड फेजवर जातं. दुसऱ्या चॅनलच्या बीएनसीची धातूची कडा, तिच्या प्रोबची क्लिप, जनरेटरची कडा, यूएसबीचं तोंड, सगळं जिवंत. आणि यंत्र तर तुमच्या हातात! दोन्ही चॅनलचं ग्राउंड आतून एकच असतं, त्यामुळे एक क्लिप इथे आणि दुसरी वेगळ्या पातळीला लावली की धूर.

मोजताना चार्जिंगची केबल लॅपटॉपला जोडलेली असेल तर "बॅटरीवर आहे" हा युक्तिवादही गेला. लॅपटॉपचं ग्राउंड अर्थला असू शकतं, मग तोच जुना शॉर्ट, वर लॅपटॉपही जाईल.

आकडा लक्षात ठेवा: २३० व्होल्ट हे आरएमएस (एक प्रकारची सरासरी) आहे. शिखर ३२५, शिखरापासून दरीपर्यंत ६५०. थ्री-फेज ४०० वर चालणाऱ्या ड्राइव्हच्या आत डीसी बस ५६५ च्या आसपास. तिथे डिफरन्शियल प्रोब (स्कोपचं ग्राउंड न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) वापरायचा किंवा सुटी, आयसोलेटेड चॅनल असलेलं यंत्र. फ्ल्यूक १९० मालिकेत प्रत्येक चॅनल स्वतंत्र आहे आणि कॅट ३ १००० व्होल्टचा दर्जा आहे. म्हणून ते वेगळ्या पंगतीचं यंत्र. स्वस्त तीन-एकात आणि ते दिसायला सारखे, एवढंच साम्य.

वाचनमात्र
ठिणगीताईंचा प्रतिसाद वाखुसा (वाचनखूण साठवली). असं कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत.

कपॅसिटरकाका
ठिणगीने ग्राउंडचा विषय काढलाच आहे तर जनरेटरची बाजू मी सांगतो. ध्वनीचे अॅम्प्लिफायर दुरुस्त करणं हा माझा जुना नाद.

एका डब्यात जनरेटर आणि स्कोप, वा! इनपुटला १ किलोहर्ट्झ साईन द्यायची, आउटपुटवर स्कोप लावायचा, आवाज वाढवत न्यायचा, शिखरं कापली जायला लागली की तिथे अॅम्पची मर्यादा. फार सोयीचं. पण आजचे बरेच अॅम्प ब्रिज जोडणीचे असतात, गाडीतले तर सर्रास. त्यांच्या स्पीकरची कुठलीच तार ग्राउंड नसते, दोन्ही तारा चालत्या. जनरेटरचं ग्राउंड इनपुटच्या ग्राउंडला लावलंय, स्कोपची क्लिप स्पीकरच्या "वजा" तारेला लावली, आणि दोन्ही ग्राउंड डब्याच्या आत एकच. झाला की नाही आउटपुट शॉर्ट? जनरेटर वेगळा आणि बॅटरीवरचा स्कोप वेगळा असता तर असं झालं नसतं. एकत्र असण्याची ही किंमत आहे आणि माहितीपत्रकात ती नसते.

उपाय सोपा. दोन्ही प्रोबची टोकं स्पीकरच्या दोन तारांना, क्लिपा दोन्ही अॅम्पच्या ग्राउंडला, आणि पडद्यावर एकातून दुसरा वजा. वजाबाकीची सोय नसेल तर दोन्ही लहरी एकमेकींच्या उलट दिसतात का एवढं बघा, दुरुस्तीला तेवढं पुरतं.

आणि जनरेटरचा आउटपुट ५० ओहमचा असतो. ५० ओहमचा भार लावला की व्होल्टेज निम्मं. ८ ओहमचा स्पीकर थेट जोडून "आवाजच नाही" म्हणून यंत्र परत करू नका.

बिनतारी
काकांना दंडवत. जनरेटर निवडताना धागाकर्त्यांचा रेडिओचा छंद निर्णायक ठरतो, बघा कसं.

२सी५३टी चा स्कोप ५० मेगाहर्ट्झचा, पण जनरेटर फक्त ५० किलोहर्ट्झपर्यंत. ध्वनीला ठीक. मीडियम वेव्हच्या रेडिओचा आयएफ (रेडिओच्या आतली मधली वारंवारता) ४५५ किलोहर्ट्झ, तिथे तो पोचतच नाही. २सी२३टी चा स्कोप साधा १० मेगाहर्ट्झ, पण जनरेटर २ मेगाहर्ट्झ, म्हणजे ४५५ चं काम झालं. एफएमचा आयएफ १०.७ मेगाहर्ट्झ, त्याला ओवन किंवा हँटेकचा २५ मेगाहर्ट्झवाला लागेल. एकाच कंपनीच्या दोन यंत्रांत मोठ्या आकड्याच्या यंत्राचा जनरेटर लहान! तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

ट्यूनिंग करताना सिग्नल कपॅसिटरमधून आणि अगदी कमी द्या. जास्त दिला की एजीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारा भाग) सगळं सपाट करतो आणि कॉइल फिरवून काही फरकच दिसत नाही. स्कोपचा प्रोब आयएफच्या कॉइलवर टेकवू नका, त्याच्या कपॅसिटन्सनेच ट्यूनिंग सरकतं. डिटेक्टरच्या पुढे बघा. कॉइलचा गाभा फिरवायला प्लास्टिकचंच पाना घ्या, लोखंडी स्क्रूड्रायव्हर जवळ आला की वेगळं, काढला की वेगळं.

ओहमशांती
अवांतर: "पोर्टेबल" शब्दावरून आठवलं. टेकट्रॉनिक्सचा ४६५ हा १९७२ चा, १०० मेगाहर्ट्झचा, आणि त्या काळी पोर्टेबल म्हणून विकला गेला. वजन साधारण दहा किलो. वर उचलायला दांडा होता म्हणून पोर्टेबल.

कपॅसिटरकाका
आणि तो दांडा धरून जिने चढणाऱ्यांचे खांदे अजून दुखतात. पण लहर काय दिसायची! डिजिटलचे दाणे नाहीत, मेमरीचा हिशेब नाही.

शून्यव्होल्ट
काका, एकदाच येऊन गेलेली लहर त्यावर थांबवून दाखवा, मग बोलू.

कपॅसिटरकाका
कॅमेरा लावून फोटो काढायचे रे बाबा. तुमची पिढी बटण दाबते.

बोर्डबहाद्दर
परत मुद्द्यावर. यंत्रापेक्षा प्रोबने जास्त लोक फसतात. एक्स-१ वर ठेवलेला प्रोब सर्किटवर साधारण शंभर पिकोफॅरड लादतो आणि त्याची स्वतःची बँडविड्थ पाच-सहा मेगाहर्ट्झवर येते. म्हणजे ७० मेगाहर्ट्झचा स्कोप घेऊन एक स्विच चुकीच्या बाजूला असला की सगळं पाण्यात. मायक्रोकंट्रोलरच्या क्रिस्टलला एक्स-१ लावला तर क्रिस्टल बंदच पडू शकतो, आणि आपण म्हणतो बोर्ड मेलाय. कायम एक्स-१०, आणि यंत्राच्या मेनूतही एक्स-१०. अपवाद पॉवर सप्लायचा बारीक रिपल. तिथे एक्स-१, एसी कपलिंग (डीसी अडवून फक्त बदलता भाग दाखवणारं), आणि लांब ग्राउंड तारेऐवजी टोकाजवळची स्प्रिंग. लांब तार म्हणजे अँटेना. चार्जरचा सगळा गोंगाट तीच गोळा करते.

आयटूसी, एसपीआय (चिपांच्या आपसातल्या संवादाच्या पद्धती) मधले अक्षरं-आकडे वाचायचे असतील तर या यंत्रांवर डोळे फोडू नका. आठ चॅनलचा २४ मेगाहर्ट्झचा, फक्त शून्य-एक टिपणारा छोटा लॉजिक अॅनालायझर आणि पल्सव्ह्यू सॉफ्टवेअर घ्या. स्कोपने फक्त बघायचं की कडा स्वच्छ आहेत का, पुल-अप रोध बरोबर आहे का.

वाचनमात्र
एक प्रश्न, बाळबोध वाटल्यास हलके घ्या. स्कोपवर व्होल्टेज दिसतंच, मग मल्टीमीटर हवाच कशाला?

बोर्डबहाद्दर
अजिबात बाळबोध नाही. हे स्कोप ८ बिटांचे, म्हणजे उभ्या दिशेला २५६ पायऱ्या. ८ व्होल्टचा पडदा असेल तर एक पायरी ३१ मिलिव्होल्टची. २० हजार काउंटचा (एका रेंजमध्ये तेवढ्या पायऱ्या दाखवणारा) मीटर ५ व्होल्ट मोजताना १ मिलिव्होल्टपर्यंत वाचतो. ४ हजार काउंटच्या मीटरवर ५ व्होल्ट ४० च्या रेंजमध्ये जातात आणि ५.०० एवढंच दिसतं. हँटेकचा ४ हजार काउंटचा, ओवनचा २० हजारांचा. सेन्सरच्या कामात हा फरक जाणवतो.

तारेवरची_कसरत
भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. आता माझं चित्र असं दिसतंय. रेडिओमुळे २५ मेगाहर्ट्झचा जनरेटर हवा, सेन्सरमुळे मीटर चांगला हवा, म्हणजे ओवनकडे कल. ७० चा घ्यावा की ४० चा? एचडीएस२४२एस पण आहे. आणि यूपीएसचं काय करू?

बोर्डबहाद्दर
दोन्हींचं सॅम्पलिंग २५०/१२५ तेच, मेमरी तीच, जनरेटर तोच. दोन चॅनल लावलेत की १२५ ला ४० हीच जोडी त्यातल्या त्यात बसते, ७० चा फायदा एकाच चॅनलवर. तुमच्या कामात ४० च्या वर मला काही दिसत नाही. उरलेले पैसे चांगल्या प्रोबवर घाला.

शून्यव्होल्ट
किंवा रिगॉलचा डीएचओ८०४ घ्या. १२ बिट, चार चॅनल, यूएसबी-सी वर चालतो. पिशवीत मावतो. तीन-एकात नाही, पण जे करतो ते नीट करतो. माझं मत बदललेलं नाही.

गॅरेजवाला
शून्यव्होल्टसाहेब, तो एका हातात धरून दुसऱ्या हाताने प्रोब टेकवून दाखवा, मग बोलू. (हे वाक्य तुमचंच आहे.)

ठिणगी
यूपीएससाठी: जुना मल्टीमीटर घरी ठेवू नका, उलट तोच पॅनलवर न्या, कॅट ३ चा आणि आत सिरॅमिक एचआरसी फ्यूज (मोठा शॉर्टचा करंट सुरक्षितपणे तोडणारा) असलेला असेल तर. तीन-एकातला मीटर पॅनलवर लावून उडाला तर तिन्ही यंत्रं एकदम गेली, शिवाय हात जवळ असतो तो वेगळाच. बॅटरीच्या बाजूचं आणि कंट्रोल बोर्डाचं काम नव्या यंत्राने करा. इन्व्हर्टरच्या आउटपुटची लहर बघायचीच असेल तर डिफरन्शियल प्रोब, त्याशिवाय नको. आणि खरेदी करताना बॅटरी बदलता येते का बघा. साधा १८६५० सेल असेल तर तो पुढेही मिळत राहील.

तारेवरची_कसरत
ठरलं. एचडीएस२४२एस, वेगळा डिफरन्शियल प्रोब थोड्या दिवसांनी, पॅनलवर जुनाच मीटर. तोपर्यंत यूपीएसच्या आउटपुटला स्कोप लावणार नाही.

कपॅसिटरकाका
आला की आधी प्रोब १ किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीला लावून त्याचा छोटा स्क्रू जुळवून घे. कोपरे वर उचललेले नकोत, झुकलेलेही नकोत. चौकोनी लहर देणारं पिन नसेल तर जनरेटर आहेच की तुझ्याकडे. शून्यव्होल्ट, हा घ्या जनरेटरचा एक उपयोग.

शून्यव्होल्ट
एक मान्य.

ओहमशांती
स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.